लिबपीएनजीचे सॅम्पल प्रोग्रॅम कंपाईल होत नाहीत? या क्रमानं बघा

लिबपीएनजी, म्हणजे पीएनजी चित्रं वाचायची-लिहायची सी लायब्ररी, शिकायला घेतली की बरेच जण पहिल्या संध्याकाळीच अडकतात, आणि अडकतात ते पीएनजी फॉरमॅटमुळे नाही तर सोबत आलेला सॅम्पल प्रोग्रॅमच कंपाईल होत नाही म्हणून. कॉलेजची पोरं असोत नाहीतर ऑफिसात नवीन जॉइन झालेली मंडळी, सगळ्यांची रड तीच, त्यामुळे एकदाच सगळं लिहून टाकतोय. कमांड मी तोंडी सांगतो तशाच लिहितोय, टाइप करताना नेहमीसारख्या इंग्रजीत टाका.

एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा. इथं तीन वस्तू आहेत: सॅम्पलची सी फाइल, पीएनजी.एच हे हेडर (लायब्ररीतल्या फंक्शनांची कंपायलरला ओळख करून देणारी फाइल), आणि खरी लायब्ररी म्हणजे लिबपीएनजीची डॉट एसओ फाइल, विंडोजवर डीएलएल. तिन्ही एकाच पिढीच्या असतील तर गुपचूप काम होतं. एक जरी दुसऱ्या पिढीची निघाली की एररचा पाऊस, आणि एरर वाचून वाटतं की कोडमध्येच काहीतरी भयंकर चुकलंय.

लक्षणं

तुमची एरर कुठल्या टप्प्यावर येतेय ते आधी ओळखा, कारण उपाय त्यावरच ठरतो.

सुरुवातीलाच "पीएनजी.एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी" आली तर हेडर सापडत नाहीये. "पीएनजीलिबकॉन्फ.एच" नाही म्हणाला तर हेडर सापडलंय पण अर्धवट.

हेडर सापडलं आणि मग "इनव्हॅलिड यूज ऑफ इनकम्प्लीट टाइपडेफ पीएनजी_इन्फो", किंवा "पीएनजी_इन्फोपीपी_नल अनडिक्लेअर्ड", किंवा "अननोन टाइप नेम" आणि पुढे लिबपीएनजीच्या व्हर्जनचा आकडा असलेलं एक लांबलचक नाव, असं काही आलं तर सॅम्पल एका काळातलं आणि हेडर दुसऱ्या काळातलं.

"अनडिफाइन्ड रेफरन्स टू" नं सुरू होणारं सगळं लिंकरचं, म्हणजे तुमचा कोड आणि लायब्ररी जोडणाऱ्या प्रोग्रॅमचं, असतं. त्यात पुढे काय लिहिलंय ते महत्त्वाचं: मेन, पीएनजी_क्रिएट_रीड_स्ट्रक्ट, इन्फ्लेट, पॉव, या प्रत्येकाचं कारण वेगळं आहे. "कॅनॉट फाइंड मायनस एलपीएनजी" पण लिंकरचंच.

आणि शेवटचा प्रकार, कंपाईल झालं, लिंक झालं, चालवलं की "कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल" किंवा "अॅप्लिकेशन बिल्ट विथ लिबपीएनजी अमुक बट रनिंग विथ तमुक", नाहीतर थेट सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे मेमरीत नको तिथं हात गेल्यानं प्रोग्रॅम मरणं.

फक्त पहिली एरर वाचा

फुकट आहे आणि निम्मे लोक करत नाहीत. टर्मिनलमध्ये शेवटची ओळ डोळ्यासमोर असते म्हणून लोक तीच कॉपी करून विचारतात, पण सी कंपायलरला एकदा टाइप कळला नाही की तो खालच्या प्रत्येक ओळीवर कुरकुर करतो आणि त्या कुरकुरीला काही अर्थ नसतो. वर स्क्रोल करा, पहिली एरर शोधा, बाकीच्या सोडा. वॉर्निंगही सोडा. विशेषतः प्रोग्रॅम चालल्यावर येणारं "आयसीसीपी: नोन इनकरेक्ट एसआरजीबी प्रोफाइल" हे वाचून घाबरू नका, ते त्या चित्रात घातलेल्या कलर प्रोफाइलबद्दल आहे, तुमच्या बिल्डशी त्याचा काही संबंध नाही.

ती फाइल कंपाईल करायचीच आहे का?

लिबपीएनजीच्या सोर्समध्ये वरच एक एक्झाम्पल.सी नावाची फाइल असते. नावच एक्झाम्पल, मग सगळे आधी तीच उचलतात. आणि एरर येते "अनडिफाइन्ड रेफरन्स टू मेन". आता कंपायलर नीट असतो, लायब्ररी नीट असते, माणूस तासभर सगळं परत इन्स्टॉल करत बसतो. फाइल उघडून पहिली ओळ वाचा ना! तिथं हॅश इफ शून्य आहे आणि शेजारी कॉमेंट आहे की कुणी खरंच हे कंपाईल करायला गेलं तर म्हणून. म्हणजे सगळी फाइलच कंपायलरपासून लपवलेली आहे. ती वाचण्यासाठी आहे, कुठलं फंक्शन कुठल्या क्रमानं बोलवायचं ते दाखवायला, आणि ती हॅश इफची ओळ काढून टाकली तरी फाइल सरळ चालणार नाही, आत फंक्शनचे पर्यायी तुकडे आहेत ज्यातला एक निवडायचा असतो. ते जोडत बसू नका.

चालवून बघायचं असेल तर कॉन्ट्रिब फोल्डरमधल्या एक्झाम्पल्स फोल्डरात जा. तिथं पीएनजीटूपीएनजी.सी आहे, जी एक पीएनजी वाचून दुसरी लिहिते, पीएनजीपिक्सेल.सी आहे, जी दिलेल्या जागेच्या एका पिक्सेलची किंमत छापते, आयसीसीफ्रॉमपीएनजी.सी आहे. हे खरे, मेन असलेले, चालणारे प्रोग्रॅम आहेत. कॉन्ट्रिबमध्येच ग्रेगबुक नावाचं फोल्डर आहे, त्यातले व्ह्यूअर छान आहेत पण त्यांच्या लिनक्स आवृत्तीला एक्स-इलेव्हनची (लिनक्सवर खिडक्या दाखवणारी सिस्टीम) डेव्हलपमेंट पॅकेजेस लागतात, तेव्हा सुरुवात तिथून नको.

डेव्ह पॅकेज टाकलंय का

"पण लिबपीएनजी तर आधीच इन्स्टॉल्ड आहे!" हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. हो, आहे, लिनक्स डेस्कटॉपवर असतंच, कारण कैरोसारख्या चित्रं काढणाऱ्या लायब्ररीला ते लागतं. पण ते चालवण्यापुरतं. कंपाईल करायला हेडर लागतं आणि व्हर्जनचा आकडा नसलेली लिबपीएनजी.एसओ ही लिंक लागते, आणि या दोन्ही गोष्टी वेगळ्या पॅकेजात असतात. उबुंटू-डेबियनवर त्याचं नाव लिबपीएनजी-डेव्ह, फेडोरावर लिबपीएनजी-डेव्हल, मॅकवर होमब्रूनं लिबपीएनजी टाकलं की सगळं एकत्रच येतं. जुन्या लेखांत लिबपीएनजी१२-डेव्ह लिहिलेलं असेल ते टाकायला जाऊ नका, डेबियननं २०१७ च्या स्ट्रेच आवृत्तीपासून १.६ वरच मुक्काम हलवलाय आणि ते पॅकेज आता मिळणार नाही.

टाकून झालं की पीकेजी-कॉन्फिगला (इन्स्टॉल्ड लायब्ररीची माहिती सांगणारी कमांड) मायनस मायनस मॉडव्हर्जन लिबपीएनजी विचारा. आकडा आला की हेडर आणि लिंक दोन्ही जागेवर आहेत असं धरायला हरकत नाही. आलेला आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढे लागतो.

कमांडमधला क्रम

इथं फार लोक अडकतात आणि कारण कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर. जीसीसीला मायनस स्मॉल एल पीएनजी हे सी फाइलच्या आधी दिलं तर उबुंटूवर "अनडिफाइन्ड रेफरन्स टू पीएनजी_क्रिएट_रीड_स्ट्रक्ट" येतं, आणि तीच कमांड मित्राच्या दुसऱ्या लिनक्सवर बिनबोभाट चालते. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो. लायब्ररी समोर आली तेव्हा कुणालाच तिची गरज नव्हती, तर तो ती बाजूला टाकतो, आणि नंतर तुमचा कोड आला की म्हणतो हे फंक्शन मला माहीत नाही. स्टॅटिक लायब्ररीला (जी प्रोग्रॅमच्या आतच भरली जाते) हा नियम सगळीकडेच लागतो, शेअर्डला (जी चालवताना बाहेरून येते) मात्र उबुंटूनं ११.१० पासून अॅज-नीडेड हा पर्याय आपोआप चालू ठेवल्यामुळे लागायला लागला. म्हणून सी फाइल आधी, मग मायनस ओ आणि नाव, आणि लायब्ऱ्या शेवटी. पीकेजी-कॉन्फिगचं सीफ्लॅग्ज आणि लिब्जचं उत्तर बॅकटिकमध्ये घालून शेवटी चिकटवलं तर विचारच करावा लागत नाही.

एररमध्ये इन्फ्लेट, डिफ्लेट, सीआरसी३२ असली नावं असतील तर झेडलिब राहिलीय, कारण पीएनजीमधलं सगळं कॉम्प्रेशन झेडलिब करते. पॉव किंवा फ्लोअर असेल तर मॅथ लायब्ररी राहिली. स्टॅटिक लिंक करताना पीएनजी, मग झेड, मग एम, याच क्रमानं द्या, उलटा नाही. "स्किपिंग इनकम्पॅटिबल" असं दिसलं तर ३२ बिट आणि ६४ बिटची सरमिसळ झालीय, तिथं क्रम बदलून काही होणार नाही.

कॉन्ट्रिबमधल्या सॅम्पलची ती एक ओळ

पीएनजीटूपीएनजी.सी कॉपी करून स्वतःच्या फोल्डरात आणली की "डॉट डॉट स्लॅश डॉट डॉट स्लॅश पीएनजी.एच सापडत नाही" अशी एरर येते. बरं म्हणून परत सोर्सच्या फोल्डरात जाऊन कंपाईल केलं तर "पीएनजीलिबकॉन्फ.एच सापडत नाही". दोन वेगळे प्रॉब्लेम वाटतात पण मूळ एकच ओळ आहे. त्या सॅम्पलमध्ये मुद्दाम दोन फोल्डर वरचं, म्हणजे सोबतच्याच सोर्समधलं हेडर घेतलेलं आहे, सिस्टीममधलं नाही. वरती कॉमेंटमध्ये स्वच्छ लिहिलंय की लायब्ररी १.६ किंवा पुढची असेल तर ही ओळ बदलून नेहमीचं कोनी कंसातलं पीएनजी.एच करायला हरकत नाही. तर बदला. एका ओळीचं काम आहे आणि त्यानंतर डेव्ह पॅकेजवरच कंपाईल होतं, अख्खी लायब्ररी सोर्सपासून बांधायची गरज नाही.

सॅम्पल कुठल्या सालातलं आहे

इथपर्यंत सुटलं नाही तर माझा अंदाज बहुतेक वेळा एकच असतो, नेटवरचं जुनं ट्युटोरियल. लिबपीएनजी १.२ फार वर्षं चालली आणि नेटवरचा निम्मा कोड तिच्या काळातला आहे. मग २०१० मध्ये १.४ आली, २०११ मध्ये १.५, २०१३ मध्ये १.६, आणि या तिघींनी मिळून जुन्या सवयी मोडल्या.

सगळ्यात मोठा बदल १.५ चा. त्याआधी लोक इन्फो_पॉइंटरमध्ये बाण घालून सरळ विड्थ, हाइट, रोबाइट्स वाचायचे. १.५ नं पीएनजी_स्ट्रक्ट आणि पीएनजी_इन्फो ही दोन्ही स्ट्रक्चर हेडरमधून आत नेली, बाहेर फक्त नाव ठेवलं, त्यामुळे "इनकम्प्लीट टाइपडेफ". असं करण्याचं कारण चांगलं होतं: आतली रचना बदलली की बाहेरचे सगळे प्रोग्रॅम परत कंपाईल करावे लागायचे, ती कटकट गेली. आता विड्थ हवी तर पीएनजी_गेट_इमेज_विड्थ ला पीएनजी_पॉइंटर आणि इन्फो_पॉइंटर हे दोन्ही द्या, रोबाइट्ससाठी पीएनजी_गेट_रोबाइट्स, आणि सेटजंपमध्ये (एरर आली की मागे उडी मारायची सीची सोय) बाण घालून जंपबफ लिहिलं असेल तिथं पीएनजी_जंपबफ हा मॅक्रो, आत पीएनजी_पॉइंटर.

१.४ मध्ये नावं गेली. पीएनजी_इन्फोपीपी_नल ऐवजी साधं नल. पीएनजी_सेट_ग्रे_१_२_४_टू_८ ऐवजी सेट आणि ग्रेच्या मध्ये एक्स्पांड असलेलं नवं फंक्शन. आणि पीएनजी_चेक_सिग च्या जागी पीएनजी_सिग_सीएमपी वापरायचं, पण इथं सांभाळा, जुनं फंक्शन सही जुळली तर खरं द्यायचं आणि नवं जुळली तर शून्य देतं. नाव आणि पॅरामीटर बदलले पण अट उलटी केली नाही तर कंपाईल होईल आणि प्रत्येक चांगली पीएनजी फाइल "ही पीएनजी नाही" म्हणून परत पाठवेल.

झेड_बेस्ट_कॉम्प्रेशन सापडत नाही अशी एरर असेल तर वरती झेडलिब.एच वेगळं इनक्लूड करा, १.५ पासून पीएनजी.एच ते स्वतःहून ओढून आणत नाही.

उलटाही प्रकार होतो. गिटमधल्या मास्टर ब्रँचवरून पीएनजीटेस्ट.सी (लिबपीएनजीची स्वतःची चाचणी) एकटी उतरवली आणि सिस्टीमच्या हेडरवर कंपाईल केली की "अननोन टाइप नेम" येतं. ती चूक नाही, तो पहारा आहे. त्या फाइलमध्ये मुद्दाम व्हर्जनच्या नावाचा टाइपडेफ घातलाय, हेडर अगदी त्याच आकड्याचं नसेल तर कंपाईल होऊच नये म्हणून. ती ओळ काढून पुढे जाऊ नका, मघाशी कागदावर लिहिलेल्या आकड्याचा टॅग चेकआउट करा आणि तिथली फाइल घ्या.

माझं मत विचाराल तर तुम्हाला फक्त पिक्सेल हवे असतील तर जुनं सॅम्पल दुरुस्त करत बसूच नका. १.६ मध्ये सिम्प्लिफाइड एपीआय आलंय, पीएनजी_इमेज_बिगिन_रीड_फ्रॉम_फाइल आणि पीएनजी_इमेज_फिनिश_रीड, सेटजंपची भानगड नाही. मेमसेटनं स्ट्रक्चर साफ करायचं, व्हर्जनमध्ये पीएनजी_इमेज_व्हर्जन भरायचं, फॉरमॅट आरजीबीए मागायचा, झालं. पीएनजीटूपीएनजी.सी हेच दाखवते.

मशीनवर दोन लिबपीएनजी

पॅकेज बरोबर, सॅम्पल बरोबर, तरी विचित्र एरर, मग ही शंका घ्या. अॅनाकोंडा (पायथनचा पॅकेजसंच) स्वतःची लिबपीएनजी घेऊन येतो आणि पाथमध्ये पुढे बसतो. मॅकवर एक्सक्वार्ट्झची वेगळी असते. कधीतरी कुणीतरी सोर्सपासून बांधून यूएसआर स्लॅश लोकलमध्ये टाकलेली असते आणि विसरलेली असते. मग हेडर एकाचं आणि लायब्ररी दुसऱ्याची. जीसीसीला मायनस कॅपिटल एच द्या, तो प्रत्येक हेडर कुठल्या पाथवरून घेतलं ते छापतो. चालणाऱ्या प्रोग्रॅमवर एलडीडी लावा, तो खरी लायब्ररी कुठली उचलतोय ते सांगतो. दोन पाथ जुळत नसतील तर चोर सापडला. कोंडा डिअॅक्टिव्हेट करून परत कंपाईल करणं हा सगळ्यात स्वस्त प्रयोग.

होमब्रूवाल्यांसाठी, नव्या अॅपल सिलिकॉन मॅकवर सगळं ऑप्ट स्लॅश होमब्रूमध्ये जातं, जुन्या इंटेल मॅकवर यूएसआर स्लॅश लोकलमध्ये. जुन्या मेकफाइलमध्ये पाथ हातानं लिहिलेला असेल तर तो नव्या मॅकवर चालणार नाही.

चालवताना मरतं

"बिल्ट विथ अमुक बट रनिंग विथ तमुक" आलं आणि मागोमाग सेगमेंटेशन फॉल्ट, तर काय झालं ते सांगतो. पीएनजी_क्रिएट_रीड_स्ट्रक्ट दोन्हीकडचे व्हर्जन ताडून बघतं, १.५ विरुद्ध १.६ असं निघालं तर नल देतं, आणि बरीच सॅम्पल ते नल तपासतच नाहीत. १.६ मधलाच शेवटचा आकडा वेगळा असेल तर मात्र चालतं, त्यावरून घाबरायचं नाही.

शेअर्ड ऑब्जेक्ट सापडत नसेल आणि तुम्ही स्वतः बांधून यूएसआर लोकलमध्ये टाकली असेल तर सुडो एलडीकॉन्फिग चालवा, तो लायब्ऱ्यांची यादी ताजी करतो. तरी नाही तर तो पाथ एलडीकॉन्फिगच्या यादीतच नाही. पण नेटवर एक जालीम उपाय फिरतो, लिबपीएनजी१६ ला लिबपीएनजी१२ या नावाची सिमलिंक (शॉर्टकटसारखी फाइल) करायची. करू नका. आतली रचना वेगळी, सिम्बॉलवर व्हर्जनचा शिक्का वेगळा, एकतर लोडर नकार देईल नाहीतर मधेच कधीतरी क्रॅश होईल आणि तेव्हा कारण सापडणार नाही.

विंडोजवर दोन खास गोष्टी. एफओपन मध्ये नुसतं आर दिलं तर फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडते आणि बाइट बदलतात, तिथं आर-बी च हवं. पीएनजीची सुरुवातीची आठ बाइटची सही, १३७ ८० ७८ ७१ १३ १० २६ १०, मुळात अशी निवडलीय की ओळ संपवण्याच्या चिन्हांची अदलाबदल झाली की लगेच पकडता यावं, आणि लिबपीएनजी तसं सांगतंही, "करप्टेड बाय एएससीआयआय कन्व्हर्जन". दुसरी, पीएनजी_इनिट_आयओ ला फाइल पॉइंटर देताच क्रॅश, म्हणजे डीएलएल एका सी रनटाइमवर बांधलेली आणि तुमचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर. कुठून तरी उतरवलेली तयार डीएलएल फेकून द्या आणि एमसिस-टू किंवा व्हीसीपीकेजी या लायब्ऱ्या पुरवणाऱ्या व्यवस्थांतलं एक धरून लायब्ररी आणि प्रोग्रॅम दोन्ही त्यातूनच करा.

सोर्सपासून बांधणं, हे शेवटी

याची गरज फार थोड्यांना असते. कॉन्फिगर, मेक, मेक चेक हा साधा रस्ता घ्या, आणि शेवटी टेस्ट पास झाल्याचं दिसल्याशिवाय इन्स्टॉल करू नका. सी फाइल स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये कोंबून बांधत असाल तर पीएनजीलिबकॉन्फ.एच तयार होत नाही, तेव्हा स्क्रिप्ट्स फोल्डरातली प्रीबिल्ट फाइल त्या नावानं कॉपी करावी लागते. एआरएम बोर्डवर किंवा नव्या मॅकवर "पीएनजी_इनिट_फिल्टर_फंक्शन्स_निऑन" सापडत नाही म्हणाला तर आर्म फोल्डरमधल्या फाइल राहिल्यात, त्या जोडा किंवा पीएनजी_आर्म_निऑन_ऑप्ट शून्य करून ते वेगवान फिल्टर बंद करा. शिकण्यापुरतं शून्यच बरं.

कुठं थांबायचं

कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या सामायिक सर्व्हरवर सुडो नसेल तर जुगाड करू नका, सिस्टीम अॅडमिनला डेव्ह पॅकेज टाकायला सांगा, त्याचं दोन मिनिटांचं काम आहे. स्वतःच्या मशीनवर लिबपीएनजी काढून टाकायला गेलात आणि पॅकेज मॅनेजर अर्धा डेस्कटॉप उडवायची यादी दाखवायला लागला तर नाही म्हणा आणि तिथंच थांबा. ऑलरेडी हो म्हटलं असेल तर रीबूट न करता जाणकार माणसाला बोलवा, चालू टर्मिनलमधून परत टाकणं खूप सोपं असतं.

एखाद्या बोर्डसाठी क्रॉस कंपाईल (आपल्या मशीनवर दुसऱ्या प्रोसेसरसाठी कंपाईल) करत असाल आणि कंपनीच्याच टूलचेनमध्ये हेडर एकाचं, लायब्ररी दुसऱ्याची निघाली तर तो त्यांच्या सपोर्टचा प्रश्न आहे, तुम्ही फाइल बदलली तर उद्या दुसरंच काहीतरी मोडेल. आणि प्रॉडक्शनमध्ये बाहेरून आलेली चित्रं उघडणारा १.२ वरचा जुना कोड हाती आला असेल तर ते सॅम्पल दुरुस्त करण्याचं काम राहिलेलं नाही, सिक्युरिटी कळणाऱ्या माणसाकडं द्या.

हात न लावलेल्या ताज्या सोर्सवर पीएनजीटेस्टच फेल होत असेल तर लिबपीएनजी सांभाळणाऱ्यांकडं बग टाका. कुणालाही विचारताना मात्र पूर्ण कमांड, पहिली एरर, मॉडव्हर्जनचा आकडा, एलडीडीचं आउटपुट आणि सॅम्पल कुठून घेतलं हे सगळं टेक्स्टमध्ये द्या. स्क्रीनचा फोटो काढून पाठवू नका, त्यातून पाथ कॉपी करता येत नाही.